पाणी निवू दे

"हात काढ त्याच्यावरून. उठ."

अक्का न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. जयनगरचा नवा बंगला, बारशाची सकाळ. मी पाय पसरून पाटावर बसलेली, त्यांचा बारा दिवसांचा नातू माझ्या पायांवर पालथा. तेल लावता लावता माझे हात थांबले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्राण नव्हतं.

"स्वतःच्या पोरीला जवळ घेत नाही म्हणे ही. आणि असले हात माझ्या नातवाला?"

पाहुण्या बायका बघत होत्या. अक्कांनी बाळ उचललं आणि दुसरं पाणी मागवून पुन्हा धुतलं. माझ्यादेखत. मला घंगाळ घासायला बसवलं. मी मान खाली घालून घासत बसले.

बाळं-बाळंतिणींना न्हाऊ घालणं हे आमच्या घरचं काम. आधी सासू करायची, मग मी. कॉटनपेटेतल्या आमच्या खोलीतून निघायचं, चार घरं करायची. शेकडो बाळं या पायांवरून गेली. पण माझी मुलगी झाली तेव्हा मला न्हाऊ घालायला कोणी नव्हतं. सासूचे हात थकलेले, आणि माझ्या जातीच्या बाईच्या अंगाला तेल लावायला कोण येणार?

मुलगी रडली की मला वाटायचं, शेजारचं मूल रडतंय. झोप उडाली, भूक मेली. सासू म्हणाली, "दुसऱ्या बाळंतिणींची नजर घेऊन आलीस. कामाला लाग, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल." सव्वा महिनाही झाला नव्हता, मी कामाला लागले. तिनं भल्यासाठीच सांगितलं. मीही चार बाळंतिणींना हेच सांगितलं होतं, हे आठवलं की आजही जीव जळतो.

एका सकाळी मुलीला पायांवर घेतलं. पाण्यानं भरलेली बादली शेजारी होती. मनात आलं, हिला त्यात सोडून द्यावं. मी किंचाळले. सासू धावत आली. का किंचाळले ते मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मुलीला हात लावला नाही. लोकांना वाटलं, मी माजले. मी तर तिला माझ्यापासून वाचवत होते.

बारशाच्या त्या दुपारी अक्कांची लेक, ती बाळंतीण, खोलीतून म्हणाली, "आई, त्या बाईला बोलू नकोस. मलाही तसंच होतंय. मला बाळ नकोसं वाटतं."

अक्कांनी लगेच निरोप धाडला. संध्याकाळी मोटारीतून डॉक्टरीणबाई आल्या. मी दाराबाहेर चुलीवरचं गरम पाणी घेऊन उभी होते. त्या कानडीत सांगत होत्या. "हा आजार आहे. तुमच्या मुलीचा दोष नाही. बरं होतं. फक्त तिला एकटी सोडू नका." अक्का लेकीच्या केसांवरून हात फिरवून रडल्या. ह्याच अक्का. हेच घर. सकाळी मी अपशकुनी होते, संध्याकाळी तोच त्रास आजार झाला.

मी आत गेले. "डॉक्टरअम्मा, मलाही हेच झालंय."

अक्का हसल्या. "ऐका! आता न्हाऊ घालणाऱ्यांनाही बंगल्यातली दुखणी व्हायला लागली. बरं, जा, घंगाळ राहिलंय घासायचं."

एरवी गेले असते. गेलेच असते. पण त्या दिवशी माझे पाय हलेनात. मी डॉक्टरांसमोर जमिनीवर बसले. "मी नाही जाणार," म्हणाले. आणि बादलीची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. मोठ्यानं. पाहुण्यांनी तोंडावर पदर धरला. डॉक्टरांनी धरला नाही. "गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलात ये. मुलीला आण. घरच्या कोणाला तरी बरोबर घे. तोवर एकटी राहू नकोस."

त्या घरचं काम त्याच दिवशी सुटलं. गुरुवारी सासू सोबत आली, वाटभर पुटपुटत. "वेड्यांच्या रांगेत बसवलंस मला." बसवलं. पुन्हा पुन्हा बसवलं. एका दिवसात काही झालं नाही. महिने लागले. ते महिने मला कोणी परत दिले नाहीत, मुलीलाही नाहीत. तिला पायांवर घेतलं तेव्हा ती रांगायला लागली होती.

अजून न्हाऊ घालते. पण आधी बाळंतिणीजवळ बसते, विचारते, "तुला कसं वाटतंय ग?" सासवा दारातून ओरडतात, "बाळाचं बघ, पाणी निवतंय."

मी बाळाला हात लावत नाही. आई बोलेपर्यंत उठत नाही. पाणी निवलं तर निवू दे.