मिस्त्रींचे कान

१९३४, चैत्रातला सोमवार. हजर: मालक, मी म्हणजे त्यांचा कारभारी, आणि मिस्त्री. मालकांची जुनी शर्यतीची मोटर, इंजिन जोरात फिरवलं की अडखळते. आज पुन्हा खोलली.

मिस्त्री पूर्वी इंजिनाला पेचकस टेकवून त्याच्या मुठीला कान लावायचे. आज त्यांनी मूठ दातांत धरली. मागून मारलेली हाकही त्यांना ऐकू गेली नाही.

मालक आत गेल्यावर ते म्हणाले, "अण्णा, अडखळली की हात वर करा."

"तुम्हाला कळत नाही?"

माझ्या ओठांकडे बघत ते म्हणाले, "हादरा कळतो की. बारीक आवाज न्हाय."

मी हात वर करत राहिलो. पेट्रोल आम्ही टॉवेलातून गाळतो. त्याचाच कापूस कार्ब्युरेटरमध्ये निघाला.

"कानाचा पक्का माणूस," मोटर सुरळीत चालल्यावर मालक बाहेर येऊन म्हणाले. "गिरणीच्या लॉऱ्याही दुरुस्तीला यांनाच देऊ."

मिस्त्री हात पुसत राहिले. त्यांच्या कानांचं मालकांना सांगायचं अजून राहिलं आहे.