आबांचे एक एकोणसाठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धुळ्याच्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आबांना ओळखत नाही. ओळखत असता तर माझं तोंड उघडलंच नसतं.

आणि गोष्ट कसली, तर एका व्हिडिओ गेमची. हसू येईल तुम्हाला. चाळिशीला टेकलेला माणूस — जळगावात पाइपच्या कारखान्यात दिवसभर पाइपांची जाडी मोजतो, घरी येतो, टेबलाला प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आवळतो, पायाखाली पेडल ठेवतो आणि पडद्यावरची गाडी पळवत बसतो. ब्रेक दाबला की खुर्ची मागे सरकते, म्हणून खुर्चीमागे ज्वारीचं पोतं लावलेलं. बायको म्हणायची, निदान पोतं तरी कामाचं आहे.

आम्ही तीसेक जण आहोत. कुणी नाशिकचा, कुणी सोलापूरचा. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण दर रविवारी सकाळी इंटरनेटवरून शर्यत लावतो. त्यात एक ट्रॅक आहे, जंगलातून चढत-उतरत जाणारा. त्याची अख्खी फेरी दोन मिनिटांच्या आत मारली तर माणूस खरा ड्रायव्हर, असं आमच्यात मानतात. मी दोन मिनिटं सहा सेकंदांवर अडकलो होतो. शर्यतीत नंबर बारावा, तेरावा. वर्षभर तेच.

आता वाटतं, तिथेच अडकून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आबा आमच्याकडे राहायला आले. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात, देवपुरात भावाच्या घरावर मजला चढत होता, सगळीकडे सिमेंटची धूळ, आणि आबांच्या डोळ्यांना धूळ चालत नव्हती. आई आधीच गेलेली. तेव्हा भाऊ म्हणाला, चार-सहा महिने घेऊन जा.

आबांच्या डोळ्यांचं आधी सांगायला हवं. आबा बसचे ड्रायव्हर. धुळे डेपोतून अठ्ठावीस वर्षं गाडी काढली — कन्नडचा घाट, रावेरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकांमधून वाट काढणं, सगळं. कुणाला साधं खरचटलं नाही. नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली असताना तपासणीत काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना स्टिअरिंगवरून उतरवून डेपोत रजिस्टरापाशी बसवलं. आबांनी ते कधी मान्य केलं नाही. "डॉक्टर चुकना," एवढंच म्हणायचे. चुकला डॉक्टर. डोळ्यांत थेंब मात्र रोज न चुकता घालायचे.

तर ते आले. दुपारी मी पहिल्या पाळीवरून यायचो, जेवायचो आणि खेळायला बसायचो. कूलर घरघरत असायचा. आबा मागच्या खाटेवर बसून बघायचे. आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एके दिवशी मी नेहमीच्याच वळणावर गाडी झाडांत घातली, आणि मागून आवाज आला —

"तू ब्रेक लावाले शिकना. सोडाले नही शिकना."

ब्रेक लावायला शिकलास, सोडायला नाही. मी हसलो. आबा उठून शेजारी आले. माझ्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "मांगे पन्नास लोके उभा शेतस, आसं समज."

मागे पन्नास माणसं उभी आहेत असं समज. ब्रेक एकदम सोडलास तर सगळी मागे पडतील. तेव्हा जोरात दाब, पण सोडताना हळूहळू सोड, आणि सोडता सोडताच गाडी वळव. इतकंच. मी शेकडो व्हिडिओ पाहिले होते, आलेख काढले होते, टायरची हवा कमी-जास्त करून पाहिली होती — आणि हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी दोन मिनिटं चार सेकंदांवर आलो. मग त्यांनी नजर शिकवली: वळणात बघू नको, वळणातून बाहेर कुठे निघायचंय तिकडे बघ. दोन-दोन. पावसाळ्याच्या मध्यापर्यंत दोन मिनिटं, शून्य पूर्णांक चार. रविवारी चौथा आलो. एकदा तिसरा.

मंडळींनी विचारलं, एवढा सुधारलास कसा? मी म्हणालो, डेटा बघतो. आबांचं नाव घेतलं नाही. ही पहिली खोटी गोष्ट. लहान होती. पण पहिली होती.

त्या दुपारी कशा होत्या ते कसं सांगू? मी फेरी मारायचो, ते मागून "हां... हां... आते सोड" म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजाबरोबर माझा पाय आपोआप उचलला जायचा. अख्ख्या लहानपणात ते मला इतके मिळाले नव्हते. लहानपणी आबा म्हणजे सुटणारी गाडी. मी स्टँडवर उभा राहून हात हलवायचो. इथे ते माझ्याच गाडीत बसले होते — मागच्या खाटेवर, कळकट बनियनमध्ये.

उन्हाळा संपण्याआधीच एक दिवस म्हणाले, मी बसू?

बसले. चप्पल काढून, अनवाणी पाय पेडलवर. पहिल्या दिवशी गाडी सरळ कुठे राहिलीच नाही. रस्त्यावर अलगद गाडी चालवणारा माणूस, पण पडद्यावर अंदाज येईना. सारखे भिंतीवर. आणि — इथून पुढे मला अडखळायला होतं — मला ते आवडत होतं. हो. मी पोटभर हसत होतो, तेही हसत होते. पण माझं हसणं वेगळं होतं. मी तिसाव्या वर्षी गाडी शिकलो, तेव्हा आबा शेजारी बसून खिडकीवरचं हँडल घट्ट धरून ठेवायचे. आयुष्यात ही एकच गोष्ट होती जिच्यात मी त्यांच्या पुढे होतो. ती मला जपायची होती. किती क्षुद्र आहे हे, कळतंय मला.

पण ते थांबले नाहीत. मी कारखान्यात असताना ते एकटे बसायचे. पडद्यावर बाजूने कुणी येत नाही, सगळं समोरच असतं — त्यांच्या डोळ्यांना ते जमत होतं. दोन-नऊ. दोन-पाच. मग दोन-एक पूर्णांक नऊ. मी आलो की आकडा सांगायचे, मी "वा आबा" म्हणायचो आणि जेवणाच्या ताटाकडे बघायचो. संगणकात मी त्यांच्या ब्रेकचा आलेख पाहिला होता. माझी रेघ म्हणजे पायऱ्या. त्यांची रेघ घाटातून उतरणाऱ्या रस्त्यासारखी. ती रेघ मी किती वेळ बघत बसलो होतो! तशी मला कधी काढता येणार नव्हती.

तो दिवस श्रावणातला. साडेतीनला घरी आलो. बायको शाळेत होती, शिक्षिका आहे ती. आबा दारातच उभे. चेहरा असा, की मला वाटलं काही झालंय.

"एक एकोणसाठ उनं, भाऊ! एक एकोणसाठ!"

एक एकोणसाठ आलं म्हणे. आणि मला ते कधी भाऊ म्हणत नसत. बरोबरीच्या माणसाला म्हणतात तसं म्हणाले. माझा हात धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, तू बघ, मी चहा टाकतो. आणि स्वयंपाकघरात गेले. आत भांड्यांचा आवाज, आणि कधी नव्हे ते काहीतरी गुणगुणणं.

मी त्यांच्या वेळांची यादी उघडली. सगळ्यात वर होतं — एक मिनिट, एकोणसाठ पूर्णांक आठ. त्याखाली दोन-एक पूर्णांक नऊ. मला जे सव्वा वर्ष हवं होतं ते त्यांनी चार महिन्यांच्या आत, काचबिंदूच्या डोळ्यांनी, अनवाणी पायांनी मिळवलं होतं.

मी ती वरची ओळ पुसली.

दोन बटणं. "नक्की पुसायचं का?" असं संगणकाने विचारलंही. मी हो म्हणालो.

का? रागाने? नाही, राग नव्हता. तो आकडा तिथे राहिला तर रोज मला दिसेल, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. पुढे काय बोलायचं ते ठरवलंही नव्हतं. तेवढ्यात आबा दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आले, म्हणाले, "देख ना, देख." आणि माझ्या तोंडून निघालं —

"आबा, इथे तर दोन-एक नऊ आहे. तुम्ही वाचताना चुकलात."

त्यांनी कप ठेवले. पडद्याजवळ वाकले, नाक टेकेल इतके. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी म्हणालो, एक आणि नऊ दोन्ही आकडे आहेत ना त्यात, उलटसुलट दिसलं असेल. किती सहज म्हणालो! कसं सुचलं मला ते?

खूप वेळ ते वाकून उभे होते. मग सरळ झाले, म्हणाले, "मना डोया गयात म्हणजे." माझे डोळे गेले म्हणजे. आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात — डॉक्टर बरोबर होता.

तेव्हा बोलायला हवं होतं. तो क्षण समोर उभा होता. आबा, मी पुसलं — तीन शब्द. मी चहा प्यायलो.

तुम्हाला वाटेल, गुन्हा हा. नाही, थांबा. हा एका क्षणाचा होता. पुढचा जास्त मोठा आहे.

त्या दिवसानंतर आबा खुर्चीवर बसले नाहीत. खाटेवरही नाही, बाहेर ओट्यावर बसू लागले. मी हाक मारली तर म्हणायचे, तू खेळ. आणि महिन्याभराने फडताळात मला त्यांच्या थेंबांच्या बाटल्या दिसल्या. तीन, सील न फोडलेल्या. विचारलं, तर म्हणाले, गेलेल्या डोळ्यांत काय घालायचं? मी रागावलो त्यांच्यावर. रागावलो! थेंब घालायलाच हवेत, असं आवाज चढवून बोललो. पण ज्या एका वाक्याने त्यांनी ती बाटली पुन्हा हातात घेतली असती ते वाक्य बोललो नाही. दिवाळीपर्यंत रोज ते माझ्यासमोर होते. रोज. मग मजला पूर्ण झाला आणि ते धुळ्याला गेले. तिथेही थेंब घातले नाहीत; भावाला वाटायचं घालतात. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच असतो, थेंब घालूनही वाढला असता कदाचित. मला त्या 'कदाचित'मागे लपायचं नाही.

ते धुळ्याला गेल्यावर दोन महिन्यांनी मी दोन मिनिटं फोडली. एक एकोणसाठ पूर्णांक नऊ. आबांच्या तरीही एक दशांश मागेच. मागे वळून पाहिलं, खाट रिकामी. धुळ्याला फोन लावला. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी गल्लीत पेढे वाटले — माझ्या पोराने करून दाखवलं, म्हणाले.

अजून खेळतो मी. कशासाठी, माहीत नाही. आता कुणी विचारलं तर आबांकडून शिकलो म्हणून सांगतो. ते वळण आलं की कान मागे जातात. "आते सोड" असं कुणीतरी म्हणावं, फक्त एकदा. कूलर घरघरत असावा, खाट करकरावी. त्या चार महिन्यांतली एक दुपार, कुठलीही, परत मिळावी — पण मला ती दिली तर मी तिचं काय करीन? खरं सांगू, मला स्वतःची खात्री नाही.

आता आबांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पाहुणे आले की स्वतःच किस्सा सांगतात — कसा एकदा एक एकोणसाठ मारला म्हणून नाचलो, आणि पोराने पाहिलं तर दोन-एक निघालं! मोठ्याने हसतात. मागच्या वेळी भावाचे व्याही बसले होते, तेही हसले, वहिनी हसली. मीही हसलो. आता त्यांना सांगितलं तरी तो आकडा त्यांना दाखवता येणार नाही. दाखवायला तो राहिलेलाही नाही.

परवा त्यांना जळगावला आणलं, माझ्या गाडीतून. काच खाली करून बसले होते, वाऱ्याकडे तोंड करून. पारोळ्याच्या अलीकडे कापसाची शेतं लागली. त्यांनी विचारलं, काय दिसतं रे? मी म्हणालो, कापूस आहे दोन्ही बाजूंना, चांगला फुटलाय. पुढे विचारलं, समोर काय? मी म्हणालो, ट्रक आहे, केळीचा.

बरं, म्हणाले, आणि मान हलवली. मी जे सांगतो ते त्यांना तसंच दिसतं.