मागची वाट

सातुर्निनो वाल्पाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. गुडघ्याला लोकरीचा पट्टा आवळून बांधला, सुकवलेले दोन बटाटे चावले आणि पिशवी पाठीवर घेतली. अकरा किलो. वय सदुसष्ट. याच डोंगरांतून त्याने एकतीस वर्षं हमाल म्हणून पंचवीस-पंचवीस किलो वाहिले होते, पण ते परक्यांचे. हे अकरा किलो त्याचे स्वतःचे होते.

नऊ दिवस तो वाटेवर होता. दोन दिवस ट्रकच्या हौद्यात मेंढ्यांबरोबर, बाकी पायी. नऊही दिवस एकच प्रश्न. सूप विकणारी विचारी, पोलीस विचारी.

"कोणाचं ओझं, ताइता, बाबा?"

"माझंच."

"असं होय. साहेब मागून येत असेल."

डोंगरी म्हाताऱ्याच्या पाठीवर चांगली पिशवी दिसली की मालक गोराच असणार, असं सगळे धरून चालत. चार दिवस त्याने समजावलं. पाचव्या दिवशी सोडून दिलं.

आज त्याला एवढंच हवं होतं: खिंडीपलीकडच्या दगडी मुक्कामघरात एक खाट. खाटा सहाच. जो आधी येईल त्याची. हमालांना मात्र आत मनाई. त्यांच्यासाठी मागे दगडी कुंपण आणि वर ताडपत्री. तेवीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात, इथल्या ऐन हिवाळ्यात, बर्फ पडलं आणि त्याचा धाकटा भाऊ मारियानो त्या ताडपत्रीखाली गारठून मेला. आत तीन खाटा रिकाम्या होत्या. सातुर्निनो दार वाजवत राहिला. सेन्योर अबेलार्दो, मुक्कामघराचा कारभारी, दार न उघडताच म्हणाला होता, "नियम मी केलेला नाही."

खिंडीत दगडांची रास आहे. चढणारा खालून एक दगड आणतो, तिथे ठेवतो, म्हणजे थकवा तिथेच राहतो. सातुर्निनोने दोन दगड ठेवले. एक मारियानोचा. थकवा काही तिथे राहिला नाही. गुडघ्याबरोबर खाली आला. मागे वळणावर सहा रंगीत टोप्या दिसल्या. सहा पाहुणे, सहा खाटा. त्याने गालातला कोकाच्या पानांचा तोबरा बदलला आणि न बसता उतरू लागला.

दुपारी तीनला तो पोहोचला. सगळ्या पाहुण्यांच्या आधी. आणि तिथेच घात झाला. डोकं पुढच्या दाराकडे निघालं होतं, पाय डावीकडे वळले. स्वयंपाकघराच्या मागून, कुंपणातून, थेट हमालांची ओझी तोलायच्या वजनकाट्यापर्यंत. पिशवी आकड्याला अडकवली तेव्हा त्याला कळलं की आपण कुठे उभे आहोत.

पाहुण्यांचं सामान घेऊन पुढे आलेले हमाल ताडपत्रीखाली बसले होते. ते हसले.

"अकरा किलो, काका? एवढं तर माझी आजी अंडी आणायला जाताना नेते."

"तुझ्या आजीला सांग, त्याचीही मजुरी मागून घे," तो म्हणाला. पिशवी काढून तो पुढे गेला.

अबेलार्दोचे केस पिकले होते. नजर तीच होती.

"खाट हवी," सातुर्निनो म्हणाला. "पैसे आणलेत."

"खिडकीतून बघितलं मी. मागून आलास. मागून येणारा मागे झोपतो."

"मग पुढून येतो."

"पुढची वाट पुलापासून सुरू होते. दारापासून चार पावलं बाहेर जाऊन परत आलास तर ते मी धरणार नाही. आणि तुझे साहेब निम्म्यावर आलेत."

"माझे नाहीत."

पूल दोनशे चाळीस पायऱ्या खाली होता. सातुर्निनो पिशवीसकट उतरला. पिशवी ठेवून गेला असता तर चालताना हलका झाला असता, पण मग अबेलार्दोला आणखी एक नियम सापडला असता. उतरताना गुडघा प्रत्येक पायरीला बोलला. पुलावर त्याने हात टेकला, वळला आणि चढू लागला. वीस पायऱ्या, तीन श्वास. वीस पायऱ्या, चार श्वास. टोप्या खिंडीच्या वाटेने उतरून शेवटच्या वळणावर पोहोचल्या होत्या; पुलाचा नियम त्यांना नव्हता. पाहुण्यांच्या पाठी रिकाम्या होत्या, त्यामुळे ते भराभर येत होते. वर हमाल कठड्याशी उभे होते. आता कोणी हसत नव्हतं. शंभर पायऱ्या राहिल्या तेव्हा तो वीस-वीस मोजायचा थांबला.

उंबरा त्याने ओलांडला तेव्हा पहिली टोपी अंगणात होती.

"पुढून आलो," तो म्हणाला. तेवढं बोलायलाही दोनदा थांबावं लागलं.

अबेलार्दोने अंगणातल्या पाहुण्यांकडे बघितलं, कठड्यावरच्या अकरा हमालांकडे बघितलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"सहा जण आहेत ते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सहावा कुठे झोपणार?"

"तुमच्या खाटेवर झोपवा, सेन्योर. नियम मी केलेला नाही."

वहीत नाव चढलं. 'कोणाबरोबर' या रकान्यात अबेलार्दोने पेन थांबवलं.

"कोणाबरोबर नाही," सातुर्निनो म्हणाला.

खिडकीजवळची खाट त्याने घेतली. तिच्यावरची गादी त्याने ओळखली. एका पावसाळ्यात तो आणि मारियानो तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चार दिवस वर चढवत होते, आणि वर आल्यावर तिच्यावर बसून पाहायलाही मिळालं नव्हतं. आता तिच्या मधोमध खड्डा होता आणि वास येत होता. तो बूट काढून तिच्यावर आडवा झाला. किनाऱ्यावरच्या शेतांत तीन हंगाम वाकून शतावरी कापली, त्या मजुरीतून आली ती ही पिशवी, आणि उरलेल्या पैशांत आली ती ही एक खाट.