घुबडाच्या यादीतून खोडलेली बाई

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे कवळीताई म्हणत. बावीस वर्षं ती मेणात दात रचत होती. एखादा केसभर पुढे बसला तरी तिच्या बोटांना कळे. जीभ मात्र तिखट. डॉक्टरनं माप चुकीचं पाठवलं की ती फोनवरच त्याची हजेरी घेई. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत थोरल्या भावाबरोबर राहायची, आणि त्या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: दुसऱ्याला अक्कल नाही.

पाय मोडून दीड महिना घरी बसली, तेव्हा वेळ जायला तिनं कॉम्प्युटरवर एक गेम घेतला. बर्फाच्या बेटावर एक बाई एकटी अडकलेली. भूक आणि थंडी सांभाळत, हरवलेल्या बहिणीच्या चिठ्ठ्या शोधत तिनं दीपगृह गाठायचं. पहिल्यांदा तीस तास लागले, आणि शेवटी कवळीताई ढसाढसा रडली. मग तिला कळलं, की काही लोक हाच खेळ कमीत कमी वेळात संपवायची शर्यत लावतात. चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत, संवाद ऐकायचे नाहीत, नुसतं पळायचं.

"रडून झालंय एकदा," ती म्हणाली आणि घड्याळ लावलं.

चार वर्षं ती तेच बेट तुडवत राहिली. शर्यतीची यादी ठेवणारा माणूस स्वतःला घुबड म्हणवे. पहिलं नावही त्याचंच, शेहेचाळीस मिनिटं. कवळीताईला मात्र खेळाच्या रचनेतच एक फट सापडली होती. कड्याच्या अगदी टोकाला शेकोटी पेटवायची आणि बाई खाली बसता बसता तिला वळवायचं, की ती खडकातून आरपार घसरून थेट खाली दीपगृहाच्या दाराशी पडे. निमिष चुकलं की मरण. ज्या हातांनी केसभर दात सरकवले, त्यांना ते जमलं. तिनं एकेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला.

दुसऱ्या दिवशी घुबडानं तिचं नाव खोडलं. खाली लिहिलं, "व्हिडिओ तुकडे जोडून केलाय. काकू, भाजी निवडा."

"रविवारी सकाळी सगळ्यांसमोर खेळते," तिनं कळवलं. "हातांवर कॅमेरा लावून. डोळे उघडे ठेव."

सातशे लोक नेटवर बघायला आले, बहुतेक हसायलाच. ती कड्याच्या टोकाशी पोचली आणि नेमका तेव्हाच भाऊ दारात येऊन ओरडला, "अगं ए बहिरे! दूध उतू गेलं! गॅसवर ठेवून इथे बाहुल्या नाचवतेस?"

"बंद कर आणि चालता हो!"

"पातेलं करपलं!"

"करपू दे! तुझं डोकं घाल त्यात!"

तिची नजर हलली नाही. शेकोटी पेटली, बाई वळली, खडकातून आरपार गेली. एकेचाळीस मिनिटं आठ सेकंद.

हसणाऱ्यांचा सूर बदलला. कुणीतरी लिहिलं, "असलं भांडण कोण आधी रेकॉर्ड करून ठेवेल?" पण घुबड हटला नाही. "भाऊ सामील आहे," तो म्हणाला.

ते वाचून भाऊ लालबुंद झाला. "मी? हिला सामील? अकरा वर्षांत हिच्याबरोबर एका ताटाशी बसलो नाही मी. लिही त्याला!" तिनं ते शब्दशः लिहिलं. नाव खोडलेलंच राहिलं.

तेव्हा तिनं ती युक्ती पायरीपायरीनं मांडून सगळ्यांना उघड केली.

"ताई, मग तुमचा फायदा काय?" लॅबमध्ये प्लास्टर कालवणाऱ्या बाईनं विचारलं. "जो तो तुमच्या पुढे जाईल."

"जाऊ दे. आपलं नाक कापून अपशकुन करतेय, कळलं? त्याला अपशकुन झाला म्हणजे झालं."

झालाच. महिन्याभरात घुबड एकोणिसावा झाला. मग चिडून त्यानं यादी दुसऱ्यांच्या हाती सोपवली आणि निघून गेला. नव्या लोकांनी कवळीताईला अदबीनं लिहिलं: अन्याय झाला, व्हिडिओ पुन्हा पाठवा, तुमचं नाव मानानं लावू.

"तेव्हा तुमची दातखीळ बसली होती का?" तिनं उत्तर दिलं.

"पाठव की," भाऊ म्हणाला. "तुझं काय जातंय?"

कदाचित तिनं पाठवलाही असता. पण तो म्हणाला, म्हणून नाही पाठवला.