उधव्याचा व्हॉल्व्ह आणि लग्नाच्या चुली

१२ एप्रिल. काम एकच, उधव्याजवळच्या व्हॉल्व्ह स्टेशनची चाचणी. गॅसची लाइन कुठे फुटली तर दाब एकदम उतरतो. तो ओळखून व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. हे तपासायला थोडा गॅस उंच नळीतून हवेत सोडावा लागतो, आणि तेव्हा आसपास जाळ चालत नाही. म्हणून डहाणूहून जीपने पोचल्यावर मी आधी कुंपणापलीकडच्या पाड्यात गेले.

तिथे मांडव पडला होता. तीन मोठ्या चुलींवर भाताची पातेली चढलेली. आमची तारीख ऑफिसात ठरली होती. एप्रिलात इथे लग्नं असतात, हे तिथे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“थोडा वेळ चुली विझवाल का?” मी नवरीच्या आईला विचारलं.

“सगळा पाडा जेवायचा आहे, बाय. कच्चा भात वाढू?”

“गॅस यांचा ने चूल आम्ही विझवायची!” नवरीची आत्या मागून म्हणाली. “आमच्या शेताखालून एवढा नेता, एक शेगडी पेटेल एवढा तरी देऊन जा!”

बायका हसल्या. नवरीची आई हसली नाही. तिचा हात पातेल्याच्या झाकणावरच होता.

मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

“परवानगी आजचीच आहे, मॅडम. लग्न थांबेल जरा.”

“भात थांबत नाही, सर. आणि पेटत्या चुलीजवळ मी गॅस सोडणार नाही.”

“मग कारण काय लिहू? लग्न?”

“वारा लिहा. पाड्याकडेच वाहतोय.”

तो खरोखरच तिकडे वाहत होता. साहेबांनी दुसऱ्या सकाळची परवानगी दिली, पण तेवढीच.

नवरीच्या आईला मी सांगितलं, “उद्या मी हात करेपर्यंत एकही चूल नाही. पाहुण्यांचा चहासुद्धा नाही.”

“नाही पेटवणार. पण उशीर करू नको. चहाशिवाय व्याही बसायचे नाहीत.”

उरलेल्या दिवसात मी आणि माझ्या टेक्निशियनने दाब मोजणारी यंत्रं तपासली. हातपंपाने यंत्राला खोटा दाब द्यायचा आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर तोच आकडा दिसतो का, हे वॉकीटॉकीवर विचारायचं. मांडवात लग्न लावणारी धवलेरी गात होती, थांबत नव्हती.

“पन्नास टक्के,” मी म्हटलं.

“पन्नास. मॅडम, मागे कोण गातंय?”

“लग्न आहे. पंचाहत्तर बघा.”

“पंचाहत्तर. जरा बटण दाबून ठेवा ना, ऐकू द्या.”

ठेवलं मी. मग आत्या येऊन आम्हाला जेवायला घेऊन गेली. पळसाच्या पानावर भात, डाळ, सुकट. भात मोकळा झाला होता.

याला आता बरीच वर्षं झाली. तो व्हॉल्व्ह दुरूनच चालवतात. वर्षाकाठी कुणीतरी जाऊन येतं, आणि मीही बहुतेक वेळ पडद्यासमोरच असते. काम जास्त सुरक्षित झालं, हे चांगलंच आहे. पण आकडे सांगताना मागे गाणं ऐकू येईल, अशी जागा राहिली नाही.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाड्यात गेले. राखेवर पाणी मारलेलं होतं, तरी प्रत्येक चुलीवर हात धरून पाहिला. वारा उलटा फिरला होता. स्टेशनवर येऊन गॅस सोडला, व्हॉल्व्ह बंद झाला. नळीचा आवाज पूर्ण थांबल्यावर मी कुंपणापाशी गेले आणि नवरीच्या आईला हात केला.