घेते, परत काही देत नाही

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वाकडं. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा सांभाळून घ्या. भावोजी जाऊन तीन आठवडे झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आठवण लिहून मागितली आहे. बाकीच्यांनी चांगलंच लिहिलं असेल. मी घडलं तेवढं लिहिते.

यजमान गेल्यावर मी रत्नागिरीला या धाकट्या दिरांकडे आले. ते पडवीत जावाचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका भाषेचे, क्लास घ्यायचे. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच, त्यामुळे सगळं कानावर पडायचं. शिकवायचे छान, ते मी नाकारणार नाही. म्हणायचे, "मोदकाला साचा असतो ना, तसे जावाने साचे तयार दिलेत. प्रेडिकेट एक गोष्ट घेतो आणि हो की नाही सांगतो. फंक्शन एक घेतो, दुसरं करून देतो. सप्लायर काही न घेता देतो. आत घालायचं काम लॅम्डाने जागच्या जागी लिहा, त्याला नाव कशाला?" एवढ्यात मी चहा घेऊन गेले की बोट माझ्याकडे. "आणि ही आमची वहिनी, कन्झ्युमर. घेते, परत काही देत नाही." पोरं हसायची. दर नव्या बॅचला हेच... दहा वर्षं.

एकदा संगमेश्वरची निकिता म्हणाली, "सर, पण मावशी दूध आणि चहापावडर घेऊन चहा देतात. मग फंक्शन ना?"

"दूध माझं, पावडर माझी, गॅस माझा. वहिनीची नुसती फुंकर!"

पुन्हा हशा. कप विसळताना मनात आलं, पगार न घेता रांधते, म्हणजे मी सप्लायर.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. वाचा गेली, समज शाबूत राहिली. निकिता भेटायला आली, तिनेच खूण ठरवून दिली. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. "सर, आता तुम्हीच प्रेडिकेट," ती म्हणाली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटायला हवं होतं... नाही वाटलं. अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे आलं. पंखा लावू? एकदा. पेज खारट झाली? दोनदा. कधी चुकले नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी पेजेचा वाडगा घेऊन बसले आणि विचारून टाकलं, "भावोजी, मी या घरात नुसती घेतच आले का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे मिटले, उघडले. दुसऱ्यांदा मिटतील म्हणून मी चमचा धरून थांबले... पेज निवली, वर साय धरली. मग तशीच गार भरवली.