ताट कोण धरणार?

शाल-श्रीफळाचा कार्यक्रम आला, की ताट धरायला मी. ताडकळसकडच्या आमच्या शाळेत मास्तर पुष्कळ, बाई मी एकटीच. शिकवते विज्ञान, पण स्टेजवर माझी खरी पदवी म्हणजे ताट. त्यात शाली, नारळ, हार, कुंकवाची वाटी. पुरुषांनी पुरुषांना शाली पांघरायच्या आणि मी मधे उभं राहायचं. एकदा मुख्याध्यापकांना म्हणलं, "सर, शिपाईमामा धरतील की." ते म्हणाले, "मॅडम, बरं दिसत न्हाई ते." त्यात काय बरं दिसत नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

यंदा महिला दिनाला मात्र सत्कार माझा होता. माझ्या पोरींचा प्रयोग जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला आला होता. वर पाच मिनिटं बोलायचंही होतं. मी लगेच मायला फोन केला. दहावीनंतर माझं लग्न उरकायला सगळं घर टपलं होतं, तेव्हा हिनं चूल पेटवायचीच बंद केली. पुरुषमंडळी उपाशी राहिली, म्हणून मी शिकले. पण मला चारचौघांत बोलताना तिनं कधीच ऐकलं नव्हतं. पालमकडून एसटीनं आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि थेट पहिल्या रांगेत बसली. "पाचची गाडी चुकली तर मुक्काम पडतोय बग. लवकर बोल," म्हणाली.

लवकर कुठलं! आधी पाहुण्यांचे सत्कार. मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. ताट माझ्याच हातात, कारण महिला दिन असला तरी बाई मी एकटीच! मग भाषणं सुरू झाली. एका साहेबांनी स्त्रीला शक्ती केलं, दुसऱ्यांनी देवी. अध्यक्ष म्हणाले, "उद्याचं जग स्त्रीच्या हातात आहे." माझ्या हातात तेव्हा चार नारळ होते.

शेवटी माझं नाव पुकारलं, तर माझे दोन्ही हात गुंतलेले. प्रमुख पाहुण्यांनी माझ्याच ताटातली शाल उचलली, मी मान पुढं केली, त्यांनी ती पांघरली. नारळ कुठं द्यावा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो परत ताटातच ठेवला. टाळ्या झाल्या, फोटोही निघाला. आणि सूत्रसंचालक माईकवर म्हणाले, "वेळेअभावी मॅडमचं मनोगत आपण पुढच्या वर्षी ऐकू. आता आभार."

समोर मायनं पिशवी काखेत मारली होती. तिचा चेहरा असा उतरला, की माझं डोकंच फिरलं. ह्याच्यासाठी हिनं घरादाराशी वैर घेतलं होतं होय! पाहुणे शेजारीच उभे होते. "सर, जरा धरा," म्हणलं आणि ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घेतलं पण! स्टेजवर कुणी काही पुढं केलं की घ्यायची सवय असते ह्या लोकांना.

मग मी माईक घेतला तो सोडलाच नाही. घरची धुणीभांडी उरकून पोरी प्रयोगाला कशा पळत यायच्या, कुणाकुणाचे बाप भांडायला आले, सगळं सांगितलं. मागं पाहुणे ताट घेऊन अवघडलेले. ठेवावं तर टेबल गुच्छांनी भरलेलं, द्यावं तर कुणी घेईना. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायलेत. पोरी तोंडाला ओढणी लावून हसायल्यात. आणि माय पिशवी खाली ठेवून ऐकायली होती.

नंतर गाडीसाठी आम्ही दोघी फाट्यापर्यंत अक्षरशः पळालो. गाडी दिसली तशी मायनं माझ्या गालावरून हात फिरवला. "लय चांगलं बोललीस गं," म्हणाली. मला एकदम भरून आलं.

"पण त्या पाहुण्याला तसंच ताटकळत ठेवलंस. बिचाऱ्याचे हात लय दुखले असतील."

"माय, त्याच्या आधी दोन तास ते ताट मी धरलं होतं!"

"तुला काय हुतंय," म्हणत ती गाडीत चढली, "तुला सवय हाय."